एकच फोल्डिंग चाकू घ्यायचाय, ट्रेकला पण आणि कलमांना पण, कुठला घेऊ?

प्रश्न असा आलाय: "ताई, बजेट ३,००० पर्यंत आहे. महिन्यातून एखादा ट्रेक होतो आणि गावी आंब्याची ४० झाडं आहेत, यंदा रोपं करून कलमं स्वतः बांधायचा विचार आहे. एकच दणकट फोल्डिंग चाकू सांगा, आयुष्यभर टिकेल असा. डी-टू स्टील घेऊ का? आधीचा ऑनलाइन घेतला होता, अर्धी धार करवतीसारखी दात्यांची, दोन महिन्यांत बोथट झाला आणि लॉकपण हलतोय."

दादा, आधी मी कोण ते सांगते म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. कुडाळ तालुक्यात आमची नर्सरी आहे, लग्न होऊन आले तेव्हापासून म्हणजे २४ वर्षं कलमं बांधतेय, पावसाळ्यात दिवसाला दोन-अडीचशे होतात. ट्रेकचं माझं ज्ञान म्हणजे मुलगा जातो आणि परत आला की त्याचा गंजलेला चाकू मलाच साफ करावा लागतो, एवढंच. पण खिशात (म्हणजे माझ्या कमरेच्या पिशवीत) रोज चाकू असतो आणि आजवर बरेच चाकू खराबही केलेत, त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं समजते.

तुम्ही विचारलाय एक प्रश्न पण त्यात तीन आहेत. ट्रेकला कुठला, कलमाला कुठला, आणि तिसरा तुम्ही विचारलेलाच नाही तो म्हणजे याला धार कोण लावणार. तुमचा आधीचा चाकू दोन महिन्यांत बोथट झाला म्हणता, अहो, आमचा रोजचा चाकू दुपारपर्यंत बोथट होतो. म्हणून तर दगड सोबत असतो. बोथट होणं हा चाकूचा दोष नाही, तो कापतोय म्हणजे होणारच. म्हणून "आयुष्यभर टिकेल असा" हे सोडून द्या आणि "मला घरी धार लावता येईल असा" शोधायला लागा, निम्मे पर्याय आपोआप गळतील.

आता पातं. लोक स्टीलचं नाव विचारतात, जाडी कोणी विचारत नाही, आणि कापण्यात खरा फरक जाडीनेच पडतो. ऑनलाइन काळे-हिरवे मिलिटरी छापाचे जे येतात ना, त्यांची पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची कड, साडेतीन-चार मिलिमीटर जाड असते. दिसायला दणकट. त्याने कैरी कापून बघा, कापत नाही, फोडतो. सुरुवातीला आमच्याकडे कामाला येणाऱ्या एका काकांना मी असाच एक चाकू मोठ्या कौतुकाने दिला होता, त्यांनी दोन काड्या तासल्या आणि परत दिला, म्हणाले "बाय, ह्यो चाकू कापणा नाय, चेंगरता." यापेक्षा चांगला रिव्ह्यू मी आजवर वाचला नाही. फोल्डिंग चाकूची पाठ दोन-अडीच मिलिमीटरच्या आत असावी, आणि पाठीपासून धारेपर्यंत पातं निमुळतं होत गेलेलं असावं. फ्रान्सच्या ओपिनेलच्या आठ नंबरची पाठ जेमतेम पावणेदोन मिलिमीटर असेल आणि तो कांदा, कैरी, पाव, दोरी सगळं मुकाट कापतो. त्याने फांदी तोडायची नाही, बस. फांदीला कोयती आहे की आपली, कमरेच्या आकडीला लावायची आणि निघायचं. तो व्हिडिओत चाकू लाकडावर ठेवून वरून दुसऱ्या लाकडाने ठोकतात ना, ते फोल्डिंगवर कधीच करू नका, सगळा मार सांध्याच्या एका खिळ्यावर येतो आणि मग लॉक हलतोय म्हणून आपण कंपनीला शिव्या घालतो. तुम्ही केलंय का असं काही? मनात विचारा, इथे सांगू नका.

लांबी साडेसात ते साडेआठ सेंटीमीटर पुरते. दातेवाली धार नकोच, जाड दोरी सोडली तर तिचा उपयोग नाही, ती सपाट दगडावर लागत नाही, आणि आपल्याला जी जागा सगळ्यात जास्त लागते, मुठीजवळची, नेमकी तीच ती खाऊन टाकते.

डी-टूबद्दल. डी-टू वाईट नाही, धार खूप टिकते. त्यात क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं पण त्यातलं बरंचसं कार्बनशी बांधलं जातं, त्यामुळे स्टेनलेससारखं वाटलं तरी पूर्ण स्टेनलेस नाही, आणि आमच्या कोकणातल्या जुलैत त्याला डाग पडतात. दुसरं म्हणजे ते कठीण असतं, साध्या दगडावर त्याला धार आणायला नवशिक्याचा अर्धा दिवस जाईल आणि शेवटी वैतागून तो रस्त्यावरच्या चाकवाल्याकडे नेईल. तिथे काय होतं ते पुढे सांगते. तुमच्यासारख्या पहिल्यांदा धार शिकणाऱ्याला मऊसर स्टील बरं. व्हिक्टोरिनॉक्सच्या स्विस चाकूचं स्टील कठीणपणाच्या रॉकवेल मापावर ५६ च्या आसपास असतं, भारी चाकूवाले लोक त्याला नाकं मुरडतात, पण ते पाच मिनिटांत परत धारेवर येतं आणि गंजत नाही. ओपिनेलमध्ये दोन प्रकार मिळतात, कार्बन आणि स्टेनलेस. कार्बनला धार सुंदर येते पण एक कैरी कापली की पातं काळंनिळं पडतं, कोकम फोडलं तर लगेचच, आणि ओलं राहिलं तर सकाळी तांबडं. काळं पडणं ठीक आहे, त्याने उलट थोडं संरक्षणच होतं, तांबडा गंज मात्र पातं खातो. तुम्ही ट्रेकला भिजणार, चाकू सॅकमध्ये विसरणार, म्हणून तुम्हाला स्टेनलेस. मी कार्बन वापरते कारण मला पुसायची सवय आहे, सवय नसेल तर हौस करू नका.

लॉकबद्दल मला जरा जास्त सांगायचंय कारण माझ्या डाव्या तर्जनीवर तीन टाक्यांची खूण आहे. साध्या स्विस चाकूला (सगळ्यांना नाही, लहान आणि मधल्या मापाच्यांना) लॉक नसतो, पाठीची स्प्रिंग नुसती पातं धरून ठेवते. कापताना जोर धारेवर येतो, म्हणजे पातं उघडं राहायच्या बाजूनेच ढकललं जातं, तोवर काहीच भीती नाही. पण टोकाने भोसकायला, भोक पाडायला गेलात तर पातं उलटं मिटतं. मी प्लास्टिकच्या कॅनला भोक पाडत होते, घाई होती, पाऊस होता, टोक अडकलं, मी मूठ हलवली आणि पातं बोटावर मिटलं. चूक शंभर टक्के माझी. त्या चाकूला टोचा होता, तो उघडायचा आळस केला.

मग लॉकवाला घेतला की झालं का? तसंही नाही. लॉक ही चुकीसाठीची दुसरी भिंत आहे, पहिली भिंत आपणच. लायनर लॉकमध्ये आतली पत्र्याची पट्टी पात्याच्या बुडाशी येऊन टेकते, मिटताना ती अंगठ्याने बाजूला करावी लागते आणि त्या वेळी अंगठा पात्याच्या वाटेतच असतो, शिवाय पट्टी लाल मातीने भरली की पूर्ण टेकतच नाही. बॅक लॉक, म्हणजे पाठीवर दाबायचा, मजबूत असतो पण खाचेत कचरा साचतो. ओपिनेलची फिरवायची कडी १९५५ सालची युक्ती आहे, अगदी साधी, आत स्प्रिंग नाही की काही नाही, डोळ्यांना दिसतं लागलीय की नाही. मला तीच आवडते, पण चिखलाच्या हातांनी फिरवताना सरकते हे खरं. आणि बटण दाबल्यावर सटकन उघडणारे, ते रामपुरी छाप, घेऊच नका, कामाचे नाहीत आणि पोलिसांना सांगायला कारण पण नाही.

कायद्याचं आलंच तर पटकन सांगते. आर्म्स रुल्समध्ये नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा विषय येतो, शेतीच्या आणि घरगुती वापराच्या वस्तू त्यातून वगळल्यात, म्हणजे आपला आठ सेंटीमीटरचा चाकू त्या मापात बसत नाही. पण सणासुदीला, निवडणुकीला पेपरात "कलम ३७(१) अन्वये मनाई आदेश" म्हणून येतं ना, महाराष्ट्र पोलीस कायद्यातलं, त्यात चाकूचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे आणि तिथे माप विचारत नाहीत. त्यामुळे ट्रेकला जाताना एसटीत, लोकलमध्ये सॅकच्या तळाशी, कमरेला लटकवून नाही. विमानात चेक-इनच्या बॅगेत. माझा भाचा इंग्लंडात लीड्सला असतो, त्याला ओपिनेल पाठवणार होते, तर तो म्हणाला मावशी नको, इथे सबळ कारणाशिवाय खिशात फक्त बिनलॉकचा आणि तीन इंचांपर्यंत धारेचा चालतो. मग त्याला स्विस दिला. तोही हातात दिला नाही, खाली ठेवला आणि त्याने उचलला. हातात दिला की भांडण होतं म्हणतात, भांडणाचं माहीत नाही पण उघडा चाकू हातोहात देऊ नये हे त्या निमित्ताने पोरांना लागतं.

कलमाचा चाकू मात्र वेगळाच घ्यावा लागेल, यात तडजोड नाही. कोय कलमाची वेळ म्हणजे पाऊस लागला की जून ते ऑगस्ट, कोय रुजून रोपाची पानं अजून तांबूस असतात तेव्हा. खुंट (म्हणजे ते खालचं रोप) मध्ये चिरायचा आणि काडीला (चांगल्या झाडाची, जी वर बसवायची ती) पाचर करायची, चार-पाच सेंटीमीटरची, आणि ती पाचर दोन्ही बाजूंनी आरशासारखी सपाट हवी कारण सालीखालचा जो ओला हिरवट थर असतो तो खुंटाच्या त्याच थराला चिकटला तरच कलम जगणार. आपला नेहमीचा चाकू दोन्ही बाजूंनी उतरता असतो, लाकडात शिरताना तो किंचित बाहेर ढकलला जातो आणि काप कमानीसारखा होतो. मग आपण परत तासतो, परत तासतो, पाचर मध्येच फुगते आणि बांधल्यावर आत पोकळी राहते. कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूने असते, दुसरी बाजू सपाट, सुताराच्या पटाशीसारखी, म्हणून तो सरळ जातो. डावखुरे असाल तर उलट्या बाजूचा मागा, दुकानदार विचारत नाही, तुम्हीच सांगायचं. आणि काप एका ओढीत. चाकू दाबायचा नाही, बुडाकडून टोकाकडे ओढायचा, काडीचा हात अंगाला टेकलेला. पहिल्या वर्षी २० कलमं मरतील, ती चाकूमुळे नाही हं, त्यासाठी माझ्याकडे पण परत येऊ नका. कलमाची काडी हातात घ्यायच्या आधी आठ दिवस शेवग्याच्या नाहीतर जास्वंदीच्या काड्यांवर पाचरी तासा, पाचर काचेवर ठेवली की खालून उजेड दिसायला नको.

त्या चाकूने दुसरं काहीही कापायचं नाही. सुतळी नाही, खताची गोणी नाही, पोहे करताना मिरची तर नाहीच नाही. आमच्या घरी हा नियम सासऱ्यांनी घातला होता आणि तो एकदाच मोडला गेला, कोणी मोडला ते सांगत नाही. झाड बदलताना पातं स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, रोग एका झाडाचा दुसऱ्याला जाऊ नये म्हणून. आंब्याचा चीक वाळला की पाण्याने निघत नाही, आधी थोडं तेल चोळायचं, मग पुसायचं.

म्हणजे ३,००० चे तीन भाग करा. एक साधा पातळ पात्याचा स्टेनलेस ट्रेकला आणि घराला, एक एकबाजू धारेचा कलमाला, आणि उरलेल्यात दगड. दगडाला पैसे उरत नसतील तर ट्रेकचा चाकू स्वस्तातला घ्या, दगड स्वस्तातला नको. किमती सारख्या बदलतात म्हणून आकडे देत नाही. ट्रेकसाठी स्विसमधला करवतवाला परवडला तर बघा, ती छोटी करवत दिसते खेळण्यासारखी पण अंगठ्याएवढी फांदी आरामात कापते. फक्त नकली खूप आलेत, पात्याच्या बुडाशी कोरलेलं नाव नीट वाचून घ्या, आणि शक्यतो दुकानात हातात घेऊन घ्या. पुण्यात असाल तर बोहरी आळीत एक चक्कर मारा, निदान दहा चाकू उघडून मिटून तरी बघता येतील. उघडल्यावर पातं चिमटीत धरून डावीउजवीकडे हलवा, हललं नाही पाहिजे. मिटल्यावर ते दोन बाजूंच्या बरोबर मध्ये बसलंय का बघा. धार उजेडासमोर धरा, बोथट जागा चमकते, धारदार जागा दिसतच नाही. मूठ ओल्या हाताने धरून बघा, दुकानदाराकडे पाणी मागायला लाजू नका, मी मागते.

आता धार. इथे लोक घाबरतात. सायकलवर चाक फिरवणाऱ्याकडे घरची विळी, सुऱ्या द्या, चांगला चाकू देऊ नका. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा पातळ धार तापते, कुठेकुठे निळी पडते, आणि निळी पडली की त्या जागेचं पाणी, म्हणजे स्टीलचा कठीणपणा, गेलं, तिथली धार परत टिकणार नाही, तेवढा भाग झिजवून टाकेपर्यंत. तो माणूस वाईट नसतो, त्याला दोन मिनिटांत एक सुरी करायची असते.

दोन बाजूंचा दगड घ्या, एक बाजू हजारच्या आसपास, दुसरी तीन हजारच्या वर (हा दगडाच्या दाण्याचा आकडा, जितका मोठा तितका दगड बारीक). दहा मिनिटं पाण्यात भिजवा (सगळे दगड भिजवायचे नसतात, डब्यावर लिहिलेलं असतं), खाली ओलं फडकं घाला म्हणजे सरकत नाही. कोन कसा धरायचा तर पातं दगडावर काटकोनात उभं करा, मग निम्मं झुकवा, परत निम्मं, आणि अजून थोडंसं. झालं, २० अंशांच्या आसपास आलात. खरं तर नेमका आकडा महत्त्वाचा नाही, तोच कोन प्रत्येक वेळी राहणं महत्त्वाचं. धारेवर स्केचपेनने काळी रेघ ओढा, चारपाच वेळा घासा आणि बघा शाई कुठून गेली. नुसती वरून, पाठीकडच्या बाजूने गेली तर तुम्ही फार झोपवलंय, नुसती धारेच्या अगदी कडेला गेली तर फार उभं धरलंय. ही रेघेची युक्ती मला कोणी आधी सांगितली असती तर माझी पहिली तीन वर्षं वाचली असती.

एका बाजूने घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला धारेवर बारीक खरखर येते, अंगठा धारेवरून बाहेरच्या दिशेने फिरवला की जाणवते (धारेच्या लांबीने कधीच फिरवू नका!). ती बुडापासून टोकापर्यंत सगळीकडे आली की बाजू बदला. खरखर यायच्या आधीच बाजू बदलायची घाई सगळे करतात आणि म्हणून तासभर घासूनही चाकू कापत नाही. मग बारीक दगडावर हलक्या हाताने, दोन्ही बाजूंना आळीपाळीने, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीच्या दिशेने दहाबारा वेळा ओढा. कलमाच्या चाकूला उतरती बाजूच फक्त घासायची, सपाट बाजू दगडावर पूर्ण झोपवून एकदोनदा, खरखर काढण्यापुरतीच. तिला कोन दिलात की तो कलमाचा चाकू राहिला नाही. ट्रेकला दगड न्यायची गरज नाही, चिनी मातीच्या कपाच्या बुडाशी जी खरबरीत बिनचकाकीची कडी असते तिच्यावर चारदा ओढला तरी दिवस निघतो. आमच्या मागच्या पायरीच्या काळ्या दगडाला कोयत्या पाजवून पाजवून वाटीएवढा खळगा पडलाय, कोयतीला तो उत्तम आहे, पण चाकू तिथे नेला तर धारेची कमान होते, सांगून ठेवते.

पावसाळ्यात चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नका, ते ओल धरतं. सांध्यात माती गेली की उघडून कोमट पाणी आणि जुना टूथब्रश, मग पूर्ण वाळवून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल पात्याला पुसायला चालतं, सांध्यात नको, काही महिन्यांत चिकट होतं आणि चाकू उघडताना नख तुटतं. ओपिनेलची मूठ लाकडाची, सहसा बीचची, ती पावसात फुगते आणि पातं आत घट्ट बसतं. जबरदस्तीने नखाने ओढू नका. कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक कुठल्यातरी लाकडावर ठकठक आपटा, पातं आपोआप वर येतं, ही त्या चाकूच्या गावचीच पद्धत आहे. ऑगस्टमध्ये आमच्या पडवीत दिवसभर ठकठक चालू असते.

राहिला तुमचा जुना चाकू. टाकू नका. सांध्याला बहुतेक चांदणीसारख्या खाचेचा स्क्रू असेल, टी-सिक्स किंवा टी-एटचा पाना लागतो, अगदी थोडा आवळा आणि बघा पातं हलायचं थांबतं का. थांबलं तर लॉक बिघडलेला नव्हता, स्क्रू सैल होता. आवळूनही लॉक सुटत असेल तर स्क्रू काढून पातं वेगळं करा आणि नवीन दगड आला की आधी त्याच्यावर हात बसवा, दातेवाला भाग सोडून. वाकडातिकडा झाला तरी रडू येणार नाही. त्याने वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून सरळ कापला गेला की मग नवीन चाकू डब्यातून काढा.